तुम्ही विचारलंत म्हणून: उत्तर शून्य का येतं?

‘चार बाय चारचा जादूचा चौरस बॅकट्रॅकिंगनं (आकडा ठेवून पुढे जायचं, अडलं की मागे येऊन दुसरा घ्यायचा) सोडवायला घेतला. प्रोग्रॅम एरर न देता झटकन संपतो आणि उत्तरं शून्य. असा चौरस नसतोच का?’

असतो. १ ते १६ आकडे, प्रत्येक ओळीची, स्तंभाची आणि कर्णाची बेरीज ३४, असे ७०४० चौरस आहेत. फिरवलेले आणि आरशातले एकच धरले तर ८८०. या ८८०ची फ्रेनिकल या फ्रेंच गणितज्ञानं केलेली यादी १६९३ साली छापली गेली, म्हणजे ती हातानंच केलेली. कोड्यात खोट नाही.

चूक बहुधा कुठे असते, ते कोड न बघताही सांगता येतं. सूर चढला तर सांभाळून घ्या.

पहिली ओळ बघू. तीन घरं लूपनं (एकेक आकडा घालून बघत) भरायची, चौथं ३४ मधून वजा करून काढायचं. पहिल्या घरात १, दुसऱ्यात २. तिसऱ्यात ३ ठेवला आणि ‘वापरला’ अशी खूण केली. चौथ्यात २८ येतो, तो चालत नाही. इथे तुम्ही काय लिहिता? कंटिन्यू, म्हणजे ‘हा सोड, पुढचा घे’. लूप ४ वर जातो, ३ वरची खूण तशीच राहते. ४ ला २७, ५ ला २६, असं करत १४ ला १७. बारा आकडे अडकले. १५ ला मात्र १६ येतो आणि ओळ जमते: १, २, १५, १६. फंक्शन पुढच्या घराकडे वळतं, तर हाताशी एकही आकडा नाही. ते परत येतं, १५ आणि १६ वरच्या खुणा पुसतं. अडकलेल्या बाराकडे कोणी बघत नाही. यापुढे सगळा शोध १, २, १५, १६ या चौघांत. सोळा घरं भरणार कशी?

खूण पुसायची ओळ तुम्ही लिहिलेली असते, मान्य. पण ती रिकर्सिव्ह कॉलच्या (पुढच्या घरासाठी फंक्शन स्वतःलाच बोलावतं, त्या ओळीच्या) खाली असते आणि कंटिन्यू तिच्यापर्यंत पोचूच देत नाही.

मग खूण करण्याआधीच तपासावं? जरूर, पण १६, २, ८ नंतर चौथा येतो ८. खूण अजून झालेली नाही, म्हणून तो मोकळा दिसतो आणि आठ दोनदा बसतो. दोन्ही आकडे वेगळे आहेत ना, हे स्वतंत्रपणे तपासावंच लागतं.

‘शेवटी सगळं तपासणंच ना?’ हेही ऐकतो. सोळा आकड्यांच्या मांडण्या सुमारे २० लाख ९२ हजार कोटी. सेकंदाला एक कोटी तपासल्या तरी २४ दिवस. पण मोकळी घरं सातच आहेत, बाकी नऊ वजाबाकीनं ठरतात. म्हणजे फार तर ५,७६,५७,६०० शक्यता, आणि त्यांतल्याही बहुतेक फांद्या मध्येच तुटतात. पहिली ओळ झाली की दुसरीकडे धावू नका, पहिला स्तंभ भरा. चारही कोपऱ्यांची बेरीज ३४च असते, त्यामुळे उजवा खालचा कोपरा लगेच मिळतो. मग मधल्या चार घरांतली वरची दोन निवडायची, खालची दोन कर्णांवरून येतात. कडेची उरलेली चार नुसत्या वजाबाकीनं.

पूर्वी मीच सांगायचो, ‘दर पायरीला अ‍ॅरेची, म्हणजे आकड्यांच्या यादीची, प्रत द्या, पुसायची कटकट नको.’ आता म्हणतो, वापरलेल्या आकड्यांसाठी १६ बिटांचा (दर आकड्याला एक बिट) एक पूर्णांक मूल्य म्हणून, म्हणजे त्याची प्रतच, पुढे पाठवा, परत आलं की जुना तसाच हाती असतो. पण ही तीच पळवाट नव्हे का? पुसावं न लागता जो शिकला, तो पुसावं लागेल तिथे पुन्हा अडकतो. आणि सतत पुसायला लावलं तर निम्मे जण कोडं सोडून देतात. माझं काही ठरलेलं नाही.

तोवर एक करा. शोध संपला की खुणांची यादी छापा. एक जरी खूण उरली असेल, तर कोणत्या आकड्यावर आहे ते बघा आणि तो आकडा ठेवल्यानंतर फंक्शन कुठून कुठून बाहेर पडतं ते मोजा.