रायफल मिळाली, मग नळीशी जुळणारे पेलेट शोधले

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आमच्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ मिळवलं, तेव्हापासून रेंजवर नवे पालक सारखे विचारतात, 'रायफल कोणती घ्यायची?' त्याचा प्रकार ५० मीटरचा. बहुतेकांची सुरुवात मात्र १० मीटर एअर रायफलनं होते. पेलेटचं, म्हणजे रायफलमधून सुटणाऱ्या शिशाच्या छोट्या गोळ्यांचं, कुणी विचारत नाही.

मी जुनी फाइनवेर्कबाउ (जर्मन कंपनीची एअर रायफल) बघत होते, कारण नवीची किंमत ऐकूनच घरचे गप्प झाले होते. विकणारा फोटोवर फोटो पाठवत होता. सर म्हणाले, "अगं, फोटो राहू दे, सिलिंडरवरची तारीख विचार." रायफलचा हवेचा सिलिंडर २०० बार दाबापर्यंत भरतात आणि बनवल्यापासून दहा वर्षांनी तो बाद धरतात. मुदत उलटलेला सिलिंडर स्पर्धेला नेला तर जबाबदारी नेमबाजाची. या रायफलचा सिलिंडर मुदतीच्या काठावर होता, त्यामुळे भाव चांगलाच उतरला. नेमबाजीचं जॅकेट मापानं शिवून घेतलं, जाडीच्या आणि ताठरपणाच्या तपासणीत ते बसलं, विषय संपला.

खरा वेळ गेला तो पेलेटमध्ये. लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि दोन रिंगांमधलं अंतर अडीच मिलिमीटर. गुण दशांशात मोजतात, म्हणजे पाव मिलिमीटर सरकलं की दशांश गेला. पेलेट सगळे ४.५ मिलिमीटरचेच म्हणतात, पण डब्यावर डोक्याचं माप ४.४९, ४.५०, ४.५१ असं वेगवेगळं छापलेलं असतं. त्यातलं कुठलं आपल्या नळीला मानवेल, हे मारून बघितल्याशिवाय कळत नाही.

म्हणून रायफल व्हाइसमध्ये, म्हणजे हलू न देणाऱ्या शिकंज्यात, आवळली. फार घट्ट नाही, नाहीतर तिच्यावर ताण येतो. डबा बदलला की पहिले काही पेलेट नुसते सोडून द्यायचे, कारण नळीत आधीच्या शिशाचा थर असतो. मग एकाच कागदावर पाच, आणि व्हर्नियरनं भोकाची बाहेरची रुंदी मोजायची. पहिला डबा सगळ्यात महागडा होता. त्याच्या भोकाला एका बाजूनं शेपूट फुटली होती, रुंदी साडेसात मिलिमीटर. सर नुसतेच हसले. ४.४९ च्या एका मध्यम किमतीच्या डब्यानं मात्र पाचही पेलेट एकाच भोकात घातले, जेमतेम साडेपाच. पुन्हा मारलं, तसंच आलं. (माझ्या मैत्रिणीच्या रायफलला तोच डबा अजिबात चालला नाही.)

लगेच दुकानदाराला लॉट नंबर, म्हणजे एका खेपेत बनलेल्या पेलेटचा क्रमांक, पाठवला. पुढच्या लॉटला नाव तेच असतं, पेलेट तसेच निघतील याची खात्री नाही. त्याच्याकडे त्या लॉटचे होते तेवढे डबे उचलले. सरावाला साधे पेलेट वापरते, हे फक्त सामन्यासाठी. स्कर्ट, म्हणजे पेलेटची मागची पातळ कड, जरा जरी चेपलेला दिसला तर तो पेलेट सरावाच्या डब्यात जातो.