जंतूंमुळेच होतो ना? तुम्ही विचारलेत म्हणून

‘क्रोन्सचा आजार जंतूंमुळेच होतो ना? मग एकदाचे जोरदार अँटिबायोटिक घेऊन ते मारून का टाकत नाही?’ मला हा आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचा आजार आहे आणि हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेला आहे, बँकेत माझ्या काउंटरसमोर विचारला गेला आहे आणि गेल्या महिन्यात नागपूरच्या धंतोलीत औषधे घेताना रांगेतल्या एका काकूंनीही विचारला. आजवर मी सर्वांना एकच उत्तर देत आले : जंतूंचा याच्याशी काही संबंध नाही. ते उत्तर बरोबर नव्हते, आणि मी ते का देत होते हे सांगितल्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही.

2013 च्या मे महिन्यात माझे वजन अकरा किलोंनी उतरले होते आणि संध्याकाळ झाली की ताप चढत असे. लहान आतडे जिथे मोठ्या आतड्याला मिळते तिथे कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीत, व्रण दिसले. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दोन्ही नेमकी हीच जागा धरतात, बायोप्सीत दोन्हींच्या गाठी सारख्या दिसू शकतात आणि टीबीचा जंतू पुष्कळदा सापडतच नाही. क्रोन्स समजून स्टेरॉइड दिले आणि निघाला टीबी, तर तो अंगभर पसरण्याची भीती असते. म्हणून आपल्याकडे शंका असल्यास टीबीची औषधे आधी देतात. मलाही दिली. त्यांपैकी रिफाम्पिसिन या औषधाने लघवी नारिंगी होते हे कोणी सांगितले नव्हते, त्यामुळे पहिल्या सकाळी रक्त समजून मी न्हाणीघराच्या उंबऱ्यावरच बसून राहिले.

त्याच आठवड्यात माझ्या स्टीलच्या पेल्याच्या बुडाशी मला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिसला. ताटाच्या पाठीवरही तसाच होता. ते आईने केले होते. माझी छाती स्वच्छ आहे आणि आतड्याचा टीबी पेल्यातून पसरत नाही, हे डॉक्टरांनी तिच्यासमोर सांगितले होते. तिने मान डोलावली होती आणि घरी येऊन ठिपका लावला होता. दोन वर्षांची भाची माझ्याकडे धावत आली की कोणीतरी तिला अलगद उचलून आत नेई. आई वाईट नव्हती. तिचा धाकटा भाऊ टीबीने गेला होता. हे मला तेव्हाही ठाऊक होते आणि त्याने काहीही हलके झाले नाही. सहा महिने मी त्याच पेल्याने पाणी प्याले आणि तो मीच घासून वेगळा पालथा घालत असे.

सहा महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी झाली तेव्हा व्रण जसेच्या तसे होते आणि आतडे अरुंद झाले होते. निदान बदलून क्रोन्स झाले. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी मी आईला म्हणाले, ‘आई, जंतू नाहीत.’ तेच वाक्य मी नंतर दहा वर्षे सगळ्यांना ऐकवत राहिले.

पुढे शस्त्रक्रियेत माझे वीतभर आतडे काढले आणि वर्षभरात नेमक्या जोडावर आजार परत आला, तेव्हा मी याबद्दल वाचू लागले. शस्त्रक्रियेनंतर मळाचा प्रवाह काही काळ दुसरीकडे वळवला तर पुढचे आतडे स्वच्छ राहते आणि तोच प्रवाह पुन्हा त्या भागात सोडला की थोड्याच दिवसांत दाह सुरू होतो, हे बेल्जियममधील डॉक्टरांनी 1990 च्या दशकातच दाखवले होते. जनुकीय बदलामुळे ज्या उंदरांना आतड्याचा दाह होतो, तेच उंदीर पूर्ण जंतुरहित वातावरणात वाढवले तर त्यांना तो होत नाही. 2001 मध्ये क्रोन्सशी जोडले गेलेले पहिले जनुक, नॉड2, हे जिवाणूंच्या भिंतीचे तुकडे ओळखण्याचेच काम करते. म्हणजे जंतूंचा हात आहे, आणि मी चुकीचे सांगत होते.

पण तुमचा प्रश्नही तितकाच चुकीचा आहे, हे मी सोडणार नाही. टीबीसारखा एकच शत्रू इथे नाही. प्रत्येकाच्याच आतड्यात असलेल्या जंतूंच्या वसाहतीशी शरीराचे बिनसलेले असते. फिकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झी नावाचा दाह शमवणारा जिवाणू क्रोन्सच्या रुग्णांत बहुधा कमी आढळतो. तो कमी झाल्याने आजार होतो की आजाराने तो कमी होतो, यावर एकमत नाही. सरसकट मारायला गेलात तर तोही मरेल. गुरांना आतड्याचा असाच आजार देणाऱ्या, टीबीच्या भाऊबंदांपैकी एका जंतूवर संशय घेऊन ऑस्ट्रेलियात रुग्णांना दोन वर्षे तीन अँटिबायोटिके दिली गेली, त्यांपैकी एक माझ्या रिफाम्पिसिनच्याच कुळातले होते. 2007 साली निकाल आला : सुरुवातीला काहींना आराम पडला, पण तो टिकला नाही. तो निकाल वाचताना मला ते नारिंगी सहा महिने आठवले.

मला आधी टीबीची औषधे देणाऱ्या डॉक्टरांवर मी पुष्कळ चिडले होते. त्या महिन्यांत माझे आतडे अरुंद होत गेले, हे खरेच आहे. त्यांच्या जागी मी असते तर काय केले असते, या प्रश्नाला मात्र माझे उत्तर दर वर्षी बदलते.

आणि चांगल्या जंतूंसाठी म्हणून सुचवले जाणारे दही. ते मी रोज खाते, कारण मला आवडते. त्यामुळे आजार आटोक्यात आहे का, असे विचाराल तर, ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे माझे औषध बंद करून नुसत्या दह्यावर राहून पाहण्याची माझी तयारी नाही. आईने मागच्या दिवाळीत तो ठिपका खरवडून काढला. जंतू आहेत, हे मी तिला अजून सांगितलेले नाही.