तुम्ही विचारलंत म्हणून: माणूस मुळात रानटीच का?

निर्जन बेटावर अडकलेली शाळकरी मुलं हळूहळू एकमेकांच्या जिवावर उठतात, ती विल्यम गोल्डिंगची कादंबरी म्हणजे ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’. ती शिकवणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही. पालक विचारतात, सहकारी विचारतात, प्रवासात शेजारी बसलेलं माणूसही विचारतं. कुणाला ‘हो’ ऐकायचं असतं, म्हणजे मुलांना धाकात ठेवायला मोकळे. कुणाला ‘नाही’ हवं असतं, आणि त्यांच्याकडे टोंगाची सहा मुलं तयार असतात.

तर आधी टोंगा, पॅसिफिक महासागरातला बेटांचा देश. १९६५ मध्ये वसतिगृहाला कंटाळून पळालेली ती मुलं होडी भरकटून अटा बेटाला लागली आणि वर्षाहून जास्त तिथे राहिली. विस्तव विझू दिला नाही, एकाचा पाय मोडला तर बाकीच्यांनी बांधून बरा केला. गोष्ट खरी आहे, मी वर्गात आवडीने सांगते. पण ती गोल्डिंगच्या तोंडावर फेकू नका. ते सहाजण आधीपासूनचे मित्र होते, ठरवून पळाले होते. आणि बेट ओसाड का होतं, तेही सांगा की. १८६३ मध्ये माणसं पळवणारं एक जहाज तिथल्या कितीतरी लोकांना उचलून घेऊन गेलं, उरलेल्यांना टोंगाच्या राजाने दुसऱ्या बेटावर हलवलं. ते जहाज कुठल्या रानटी टोळीचं नव्हतं.

पूर्वी मी ठासून ‘हो’ म्हणायचे. फळ्यावर दोन रकाने, सभ्य आणि रानटी: सभा बोलावण्याचा शंख, सभा, पिगी नावाच्या मुलाचा चष्मा इकडे, रंगवलेले चेहरे, भाले, डुकराचं मुंडकं तिकडे. परीक्षेला सोयीचं. (मुलं त्या चष्म्याने जाळ पेटवतात, तेही खरं नाही. पिगीला लांबचं दिसत नाही, म्हणजे भिंगं अंतर्गोल, त्यांनी जाळ पेटणारच नाही. विज्ञानाचे शिक्षक हे मला दरवर्षी ऐकवतात.) पण रानटीपणात सगळ्यांच्या पुढे गेलेल्या जॅकची शिकारी टोळी येते कुठून? चर्चच्या गायनवृंदातून. भर उन्हात काळे झगे घालून, दोन-दोनच्या रांगेत चालत. बेटावरचा सगळ्यात शिस्तीचा गट तोच. हे माझ्या रकान्यांत कुठे बसवायचं?

मग ते वर्ष आलं. आमच्या वर्गातल्या एका मुलाला मधल्या सुट्टीत घेरून मारलं. मारणारे दोघं-तिघं, बघणारे पुष्कळ. चौकशीत एकेकाला बोलावलं, लिहून घेण्याचं काम माझ्याकडे. उत्तरं अशी: मी तिथे नव्हतो. मी आधीच निघालो होतो. गर्दीत काही दिसलं नाही. तो तरी मध्ये कशाला आला? ही मुलं वाईट नव्हती. त्यातली काही तर माझी आवडती. चौकशी गुंडाळली गेली, मुलगा वर्गात परतला आणि खिडकीशी बसू लागला.

थोड्याच दिवसांत कादंबरीतल्या सायमन या अबोल मुलाच्या मरणानंतरची सकाळ शिकवायची वेळ आली. वादळात नाचता नाचता सगळ्यांनी मिळून त्याला श्वापद समजून मारलेलं असतं, मुलांनी निवडलेला म्होरक्या राल्फ आणि पिगीही त्या नाचात होते. राल्फ म्हणतो, हा खून होता. आणि पिगी, बेटावरचा सगळ्यात शहाणा, कारणं देऊ लागतो: अंधार होता, विजा होत्या, आपण घाबरलो होतो, अपघात होता, तो असा रांगत कशाला आला? जुळे भाऊ येतात, तेही लवकर निघालेले. एक मुलगी मोठ्याने वाचत होती. या ओळीशी आली आणि थांबली. वाक्य अर्धंच राहिलं. कुणी हसलं नाही. खिडकीकडे कुणीही बघत नव्हतं, आणि न बघण्याची ती धडपड मला समोरून दिसत होती. मी “पुढे वाच” म्हणाले नाही. शेवटी खिडकीतल्या मुलाने स्वतःचं पुस्तक उघडलं आणि उरलेलं वाचलं, सपाट आवाजात, तास संपेपर्यंत.

मग काय झालं? काही नाही. कुणी कबुली दिली नाही. वर्षअखेरीस त्याच्या वडिलांनी मला विचारलं, असली पुस्तकं मुलांच्या हातात का देता? मी गप्प राहिले. आजही त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही.

एवढं मात्र झालं की जॅकची मला भीती वाटेना. तो तोंड रंगवून समोर येतो, त्याला ओळखता तरी येतं. पिगीची कारणं सभ्य घरातली आहेत, आणि ती आपल्याला पाठ आहेत.

यावर माझ्यातली जुनी शिक्षिका म्हणते, फार सोपं करतेस बाई. जॅकच्या टोळीतल्या रॉजरचं काय? सुरुवातीला तो छोट्या हेन्रीच्या दिशेने दगड मारतो, पण त्याच्याभोवती सहाएक यार्डांची जागा सोडून. आईबाप, शाळा, पोलीस, कायदा यांनी त्याचा हात धरून ठेवलेला असतो. तो धाक ओसरल्यावर हाच रॉजर पिगीवर शिळा लोटतो. तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. हेन्रीभोवतीची ती मोकळी जागा मलाही हवीच आहे. पण ती राखायला शेवटी येतो कोण? पांढऱ्या गणवेशातला नौदल अधिकारी, रिव्हॉल्व्हरवर हात ठेवलेला, आणि त्याची युद्धनौका जगभर पेटलेल्या लढाईतून आलेली. नॉर्मंडीच्या स्वारीत स्वतः नौदलातून लढलेल्या लेखकाने मुलांच्या सुटकेसाठी नेमका हाच माणूस पाठवला. इथून पुढे मला जाता येत नाही. तुम्हाला येत असेल तर कळवा, पुढच्या वर्षीच्या वर्गाला सांगेन.