वाघबीळच्या चढाला अडकलेला गिअर

वीतभर लांबीची एक अर्थ वायर, म्हणजे बॅटरीची मायनस बाजू गिअरबॉक्सच्या बॉडीला जोडणारी तार, पंधरा दिवस झाले माझ्या गॅरेजातल्या बाकावर पडून आहे. भंगारात टाकायला हात होत नाही.

गाडी एका निवृत्त शिक्षिका बाईंची. छोटी, पाच गिअरची एएमटी, म्हणजे गिअर आपोआप बदलणारी, क्लचचं पेडल नसलेली. लोक हिला सरसकट ऑटोमॅटिक म्हणतात, विकणारेही तेच सांगून विकतात आणि मग माणसं चढाला ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवर गाडी धरून क्लचप्लेट जाळतात. आत गिअरबॉक्स साधाच असतो, क्लचही नेहमीचाच. आपला डावा हात आणि डावा पाय जे करतो, ते फक्त पंप आणि तेलाच्या दाबावर क्लच-गिअर हलवणारा ॲक्च्युएटर करतात. पंप तेलाला 40 बारच्या वर दाब देतो, त्या दाबावर क्लच सुटतो आणि गिअर पडतो. ड्रायव्हरचा दरवाजा उघडल्यावर 'घुंऽऽ' असा आवाज येतो, तो हाच पंप. माझी तपासणी तिथूनच सुरू होते.

तक्रार अशी, की चढाला डिस्प्लेवरचा गिअरचा आकडा लुकलुकतो आणि गाडी न्यूट्रल होते. एका मोठ्या वर्कशॉपने ॲक्च्युएटरचा सगळा संच बदलायला 52,000 रुपये सांगितले होते. स्कॅनरला कोड आला 'प्रेशर कमी', म्हणून प्रेशर करणारी वस्तूच बदला, एवढाच विचार. दाब का कमी झाला, हे विचारायला हल्ली कुणाला वेळ नाही.

मी वेळ दिला, पण पुरता दिला नाही. पंपाला करंट देणारा स्विच म्हणजे रिले, त्याचे पॉइंट काळे पडले होते. रिले बदलला, स्कॅनर लावून क्लचचं लर्निंग केलं, म्हणजे क्लच कुठं धरतो ते कंट्रोलरला नव्यानं शिकवलं, आणि कोल्हापुरात उद्यमनगरातून विद्यापीठापर्यंत गाडी फिरवून आणली. गाडी लोण्यासारखी चालली. किल्ली घेताना बाई म्हणाल्या, "मिस्त्री, बॅटरी नवी घातलीय, तरी सकाळी स्टार्टर जड मारतोय बघा."

"थंडीनं होतंय, बाई," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. पन्हाळ्याला निघाल्या होत्या, मागच्या सीटवर सात वर्षांचा नातू. घाटात वाघबीळच्या वळणावर गिअर सुटला आणि गाडी मागं सरकली. मागे उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर. बाईंनी हँडब्रेक ओढला म्हणून वाचले. आवाज चढवला नाही त्यांनी. "मिस्त्री, गाडी मागं आली," एवढंच. मला त्या चार शब्दांनी रात्रभर झोप लागली नाही.

गाडी टो करून आणली आणि या वेळी स्कॅनर बाजूला ठेवला. घाटात नेमकं काय होतं? वळणावर वेग पडतो, कंट्रोलर दुसऱ्यातून पहिल्यात उतरवायला जातो. गिअर न्यूट्रल ओलांडत असतानाच दाब कमी पडला तर तो मधेच अडकतो. सपाटीला गिअर क्वचित बदलतात, म्हणून दाब पुरतो. घाटात सतत वरखाली होतात, साठलेला दाब संपतो आणि पंप पुन्हा पुन्हा चालू होतो. त्याच वेळी फॅन चालू, एसी चालू. म्हणजे करंट कमी पडत असणार. तिथं मला नव्या बॅटरीवरही जड मारणारा स्टार्टर आठवला.

लाइट, एसी, फॅन सगळं चालू करून मीटर लावला. अल्टरनेटरवर 14.1 व्होल्ट, बॅटरीवर 13.6. थोडं कमी, पण कुणीही सोडून देईल असं. पण चढाला इंजिन जोर लावतं तेव्हा माउंटिंगवर कलतं. म्हणून गॅरेजातल्या पोराला पहारीनं इंजिन हळूच रेटायला सांगितलं. बॅटरीवर 12.3! मायनस पोस्ट आणि गिअरबॉक्सची बॉडी यांच्यात मोजलं, तर 1.7 व्होल्ट वाटेतच गळत होते. हे 0.2 च्या आत पाहिजे. पोरानं पहार सोडली की आकडा खाली, रेटली की वर. तीनदा करून बघितलं.

गिअरबॉक्सवरची अर्थ काढली. वरून कव्हर धड. लगपाशी, म्हणजे टोकाच्या बोल्टच्या कडीपाशी, कापलं तर आत हिरवी पूड, शाबूत तारा बोटांवर मोजण्याइतक्या. बाईंना विचारलं, तेव्हा कळलं, 2019 च्या पुरात गाडी नागाळा पार्कात दोन दिवस पाण्यात होती. "इंजिनात पाणी गेलं न्हवतं, म्हणून सांगितलं न्हाई," म्हणाल्या. त्यांची काय चूक? विचारायचं मी होतं.

25 स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची केबल घेतली, लग नीट दाबून क्रिम्प करून घेतले. गिअरबॉक्सवरचा बोल्टचा कान चकाकेपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातला, वरून व्हॅसलीन. पुन्हा पहार: 0.08. मग एसी लावून, मागे तीन माणसं बसवून वाघबीळ चार वेळा चढलो. प्रत्येक वळणावर मुद्दाम वेग पाडला. पहिला गिअर प्रत्येक वेळी टक् करून बसला.

मजुरीसकट 900 रुपये झाले. गेल्या वेळचे रिलेचे पैसे मी परत देऊ केले, बाईंनी घेतले नाहीत.

परवा सहज फोन करून विचारलं, गाडी कशी आहे. "झकास हाय," म्हणाल्या. "पण नातू अजून बसायला तयार न्हाई हो."