आयशरमधून आलेले पाणी

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत माझे फायबरचे छोटे वर्कशॉप आहे. पाण्याच्या टाक्या, कूलरचे सांगाडे, बसचे बंपर ही आमची नेहमीची कामे. होडीला हात लावण्याची वेळ मात्र या एप्रिलपर्यंत कधी आली नव्हती. नौदलातून निवृत्त होऊन पैठणजवळच्या आपल्या गावी परतलेले एक काका वर्कशॉपमध्ये आले आणि त्यांनी मोबाइलवर मुंबईतील एका जुन्या शिडाच्या होडीचे फोटो दाखवले. जॅक होल्ट यांनी 1956 साली आखलेल्या ‘एंटरप्राइज’ जातीची ती होडी होती, लांबी 4.04 मीटर, रुंदी 1.60 मीटर आणि चालवायला दोन माणसे. “शिडाचं मी बघतो, फायबरचं तू सांग,” एवढेच ते म्हणाले.

फायबरची जुनी वस्तू आम्ही नाण्याने ठोकून पाहतो. थर एकमेकांना धरून असतील तर आवाज टणक येतो. थर सुटले असतील किंवा आतले लाकूड कुजले असेल तर तो भद्द येतो. मुंबईला जाऊन ठोकण्याइतकी सवड दोघांनाही नव्हती, म्हणून विकणाऱ्या गृहस्थांना व्हिडिओ कॉलवर ठोकायला सांगितले. माणसाच्या बोलण्यात अडथळा नको म्हणून फोन असले आवाज गोंगाट समजून दाबून टाकतो, हे मला तेव्हा कळले. त्यांचे नाणे हलताना दिसे आणि ऐकू काहीच येत नसे. शेवटी त्यांनी रेकॉर्डरवर आवाज टिपला आणि प्रत्येक ठोक्याआधी जागेचे नाव घेतले. सुकाणू बसते ती मागची फळी साफ भद्द वाजत होती. त्या एका ठोक्यावर काकांनी किंमत बरीच उतरवून घेतली आणि मी माझ्या कानांवर भलताच खूश झालो.

गाडी 14 फुटी आयशर ठरली. होडीचा भार बाजूंवर न पडता मधल्या कण्यावर पडावा, खाली जुन्या गाद्या घालाव्यात, पट्टे काठांना आत दाबतील इतके आवळू नयेत, आणि गाडीपेक्षा लांब असलेली डोलकाठी केबिनवरून तिरपी बांधून तिच्या टोकाला लाल फडके लावावे, अशा सूचना मी चालकाला दोनदा दिल्या. त्याने त्या अक्षरशः पाळल्या. रात्री निघून, समृद्धी महामार्गाने माळीवाड्याला उतरून तो सकाळी साडेसहाला दारात हजर होता. वाटेत चहाला थांबला तेव्हा लोकांनी हे विमानाचे सामान आहे का असे विचारले, ही त्याची एकमेव तक्रार.

या जातीच्या रिकाम्या सांगाड्याचे वजन 100 किलोच्या आत असते, म्हणजे चार माणसांनी तो सहज उतरवायला हवा होता. आम्ही सहा जण लागलो तरी तो रांगेना. तेवढ्यात एका बाजूने आत खळखळ ऐकू आली. होडी उलटली तरी तरंगत राहावी म्हणून तिच्यात हवेचे बंद कप्पे असतात. त्यांतल्या एकाचे बूच काढले आणि पाण्याची धार लागली. एका मुलाने बोट लावून चाखले, खारट होते. मूळचा लातूरचा असलेला आमचा एक कारागीर म्हणाला, “सायेब, 2016 ला आमच्याकडं रेल्वेनं पाणी आलं होतं, तुमच्याकडं आयशरनं आलं.” सगळे हसले, मला मात्र हसू येईना, कारण तीनशेहून अधिक किलोमीटर आत हेलकावत आलेल्या त्या पाण्याने कप्प्याच्या भिंतीचा जोड वीतभर उकलला होता. निघण्यापूर्वी बुचे उघडून पाहा, हे एक वाक्य मी विकणाऱ्यांनाही सांगितले नव्हते आणि चालकालाही नाही. फोटो आणि ठोके यांच्या नादात होडीचे वजन विचारायचेही राहून गेले होते.

पाणी निघून गेल्यावर सांगाडा काट्यावर ठेवला तर 112 किलो भरला. उरलेला जादा भार मागच्या फळीतल्या भिजलेल्या लाकडाचा होता. आम्ही फळीचा आतला थर कापून काढला आणि होडी पत्र्याच्या शेडखाली उपडी ठेवली. मुंबईच्या दमट हवेत हे लाकूड वाळायला महिनोन्‌महिने गेले असते, असे काका म्हणतात; इथल्या वैशाखाचा कोणाला असा उपयोग होईल असे मला कधी वाटले नव्हते. उकललेला जोड तेवढा आम्ही पहाटे भरून घेतला, कारण दुपारच्या उन्हात रेझिन डब्यातच घट्ट होते.

होडी चालवायची तो पैठणजवळचा नाथसागर जलाशय 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळे तिथे शीड उभारण्यापूर्वी परवानगी लागेल. तो अर्ज काकांनी केला आहे. दर शनिवारी ते येतात, होडी काट्यावर चढवायला लावतात आणि आकडा खडूने भिंतीवर लिहितात. परवा 103 भरले. मृग लागायच्या आत 100 च्या खाली यायला हवे, म्हणून त्यांनी शेडच्या पूर्वेकडचे दोन पत्रे काढून ठेवायला सांगितले आहेत.