इंजिन लॉग: एकच कोअर, दोन गेम

माझ्या गेम इंजिनाचं कोअर, म्हणजे दोन्ही गेमना लागणारा सामायिक कोड, फायनली वेगळ्या लायब्ररीत गेलंय आणि प्लॅटफॉर्मर (उड्या मारत पुढे जायचा गेम) आणि टर्न-बेस्ड (आळीपाळीने चाली खेळायचा), दोन्ही गेम त्याच्यावर बिल्ड होतायत! सी प्लस प्लस आणि एसडीएल (विंडो, इनपुट, आवाज सांभाळणारी लायब्ररी), बाकी काही नाही.

हे करताना मोठ्या स्टुडिओंचं बरंच वाचलं. फ्रॉस्टबाइट इंजिन सगळ्यांना माहितीये, डाइस स्टुडिओने बॅटलफील्ड या शूटर गेमसाठी बनवलेलं, २००८ च्या बॅटलफील्ड बॅड कंपनीत पहिल्यांदा आलं. मग बायोवेअर स्टुडिओने त्यावर ड्रॅगन एज इन्क्विझिशन (२०१४) हा आरपीजी, म्हणजे रोल-प्लेइंग गेम, करायला घेतला तर इन्व्हेंटरी (जवळच्या वस्तूंची यादी), पार्टी (सोबत्यांची टीम), आरपीजीसारखं सेव्ह-लोड, यातलं काहीच तयार नाही, कारण शूटरला ते लागतच नाही ना. सगळं त्यांना स्वतः उभं करावं लागलं. माझं मत असंय की इंजिनात दोष नव्हता, ते फक्त एकाच प्रकारच्या गेमभोवती वाढलं होतं.

उलट कॅपकॉमचं आरई इंजिन बघा. २०१७ ला रेसिडेंट इव्हिल ७, २०१९ ला डेव्हिल मे क्राय ५, २०२१ ला मॉन्स्टर हंटर राइज आणि तोही निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवर, मग २०२३ ला स्ट्रीट फायटर ६. हॉरर, ॲक्शन, फायटिंग, सगळं एकाच इंजिनावर, मला हे प्रचंड भारी वाटतं. अर्थात २०२४ च्या ड्रॅगन्स डॉग्मा २ मध्ये शहरातल्या एनपीसींमुळे (गेम स्वतः चालवतो त्या पात्रांमुळे) सीपीयूवर जो लोड यायचा तो सगळ्यांनी बघितलाच, म्हणजे प्रत्येक नवीन प्रकारचा गेम इंजिनाकडे काहीतरी वेगळं मागतोच.

माझ्याकडे एकाच गेमभोवती वाढल्याचा हा प्रॉब्लेम सगळ्यात आधी कॅमेऱ्यात दिसला. कॅमेऱ्याच्या कोडमध्ये थेट प्लेअरचा पॉइंटर (त्याच्याकडे बोट दाखवणारा पत्ता) होता, आणि टर्न-बेस्डमध्ये प्लेअर नावाची वस्तूच नाही, कर्सर आहे आणि युनिट्स आहेत. आता कॅमेऱ्याला फक्त एक पॉइंट आणि लेव्हलची हद्द मिळते, तो पॉइंट कुणाचा हे गेमने बघायचं. कोअर एकटंच, कुठलाही गेम सोबत न घेता कंपाइल झालं पाहिजे असा नियम केलाय, त्यामुळे चुकून गेमचं हेडर (कोडची फाइल) आत आलं की बिल्ड लगेच फेल होतो आणि शोधत बसावं लागत नाही.

सेव्हचं पण तसंच. फाइल लिहिणं, व्हर्जन नंबर टाकणं, आधी टेम्प फाइलमध्ये लिहून मग रिनेम करणं म्हणजे मध्येच क्रॅश झालं तरी जुनी सेव्ह शाबूत राहते, एवढं कोअरचं काम. आत डेटा काय जातो ते गेमचं. इन्व्हेंटरी मात्र मुद्दाम कोअरमध्ये घेतली नाहीये, दोन्ही गेमना लागते पण एकाला स्लॉट हवेत आणि दुसऱ्याला वजन, तिसरा गेम येईपर्यंत ती दोन ठिकाणी राहू दे.

कोअर दोन्हीकडे गिट सबमॉड्यूल आहे, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये एका प्रोजेक्टच्या आत जोडलेला दुसरा प्रोजेक्ट. प्लॅटफॉर्मर संपत आलाय म्हणून त्यातलं कोअर एका कमिटवर (कोडच्या एका ठराविक नोंदीवर) पिन केलंय, टर्न-बेस्ड मात्र मेनवर, म्हणजे कोअरच्या ताज्या कोडवर चालतो. पिन केलेल्या कोअरमध्ये बगफिक्स कसे न्यायचे हे अजून ठरत नाहीये, सध्या चेरी-पिक करतोय, म्हणजे हवे तेवढेच बदल उचलून नेतोय. दोन-तीन गेम एकत्र सांभाळणारे कुणी असाल तर तुम्ही हे कसं करता ते नक्की सांगा. पुढचं काम ऑडिओ मिक्सर.