कबुली आणि शिक्षा यांच्या मधले आठवडे

कॅनडात एखाद्या आदिवासी बाईनं गुन्हा कबूल केला की न्यायाधीश शिक्षेची पुढची तारीख देतात. तिला साथ देणाऱ्याचं काम त्याच दिवशी सुरू व्हायला हवं. ज्या कागदावर पुढचं बरंच अवलंबून असतं, तो ग्लॅडू रिपोर्ट (तिची आणि तिच्या समाजाची पार्श्वभूमी कोर्टापुढे मांडणारा अहवाल) तयार व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. वकिलानं तो मागितला का, लिहिणारी व्यक्ती ठरली का, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.

रिपोर्टमागचा कायदा 1996 चा. क्रिमिनल कोडच्या कलम 718.2(ई) प्रमाणे तुरुंगाखेरीज वाजवी असा दुसरा मार्ग आहे का, हे कोर्टानं पाहायचं, आणि आरोपी आदिवासी असेल तर तिच्या परिस्थितीकडे विशेष लक्ष द्यायचं. 1999 मध्ये जेमी ग्लॅडू या तरुणीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं या कलमाचा अर्थ लावला. ती रिझर्व्हवर, म्हणजे आदिवासींसाठी राखलेल्या जमिनीवर नाही, शहरात राहते, म्हणून कलम लागू नाही, असं खालच्या कोर्टानं धरलं होतं. सुप्रीम कोर्टानं ते खोडून काढलं. तरी आजही कितीतरी बायकांना वाटतं, ‘मी शहरात वाढले, मला आमची भाषाही येत नाही, हे माझ्यासाठी नसणार.’ हा गैरसमज आधी काढा. सुप्रीम कोर्टाच्याच 2012 च्या इपीली निकालानं आणखी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. भूतकाळामुळेच गुन्हा घडला, असं सिद्ध करावं लागत नाही. आणि गुन्हा गंभीर असला तरी हे कलम लागू होतं. या विशेष विचाराचा हक्क तिला सोडता येतो, पण कोर्टाच्या व्हरांड्यात घाईघाईनं म्हटलेलं ‘नको, लवकर संपवा’ म्हणजे विचारपूर्वक दिलेला नकार नव्हे.

प्रोबेशन अधिकाऱ्याचा शिक्षापूर्व अहवाल वेगळा. त्याचा भर धोक्यावर. ‘पाच वर्षांत सात पत्ते, नातेवाइकांवर गुन्हे, दारूचं व्यसन’ एवढंच त्यात आलं, तर बाई बेभरवशाची दिसते. ग्लॅडू रिपोर्टमध्ये त्याच सात पत्त्यांमागचं कारण येतं: मारहाणीतून पळणं, घरभाडं न परवडणं, आजीला लहानपणी रेसिडेन्शियल स्कूलमध्ये (आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या निवासी शाळेत) नेल्यापासून विस्कटत गेलेलं घर. एकाच्या भरवशावर दुसरा सोडू नका.

मुलाखत एका बैठकीत होत नाही. तिच्याबरोबर आई, मावशी, सांभाळ करणारी पालक, कुणी वडीलधारी, यांच्याशीही बोलावं लागतं. बालकल्याण खात्याच्या जुन्या फायली मागवायच्या तर तिची लेखी संमती लागते आणि त्या यायला वेळ लागतो. तिनं सांगितलेलं न्यायाधीश आणि सरकारी वकील दोघंही वाचणार, हे बोलण्याआधीच तिला सांगा. अत्याचाराचे तपशील भर कोर्टात मोठ्यानं वाचू नयेत, अशी विनंती वकिलाकरवी करता येते. मुलाखत शुक्रवारी दुपारी ठेवू नका. जुनी जखम उघडी पडते आणि समुपदेशन केंद्र सोमवारपर्यंत बंद असतं. सकाळची वेळ घ्या आणि संध्याकाळी तिच्याजवळ कोण असेल, ते आधी ठरवा.

सगळ्यात जास्त फसतं ते पुढे. वीस पानं दुःख आणि शेवटी अर्धं पान ‘उपचाराची गरज आहे’. न्यायाधीश हळहळतात, पण हाती पर्याय नसल्यानं तुरुंगच देतात. पर्याय तारखेसह लागतो: उपचार केंद्रात खाट कधी मिळेल याचं पत्र, तिथे मुलांना नेता येतं का, तोवर ती कुठे राहील, तिला भेटत राहायला कोण वडीलधारी तयार आहे, तिथवर जायला वाहन कोणतं.

दोन वर्षांपेक्षा कमी शिक्षा समाजात राहून भोगायची सोय आहे; नोव्हेंबर 2022 च्या दुरुस्तीनंतर ती अधिक गुन्ह्यांना मिळू शकते. पण अटींची ओळ न् ओळ वाचा. ‘दर सोमवारी समक्ष हजेरी’ लिहिलंय, ऑफिस ऐंशी किलोमीटरवर आणि बस नाही, तर ती अट मोडणारच. आणि अट मोडल्याचं सिद्ध करायला फौजदारी खटल्याइतका पक्का पुरावा लागत नाही. उरलेली शिक्षा तुरुंगात जाऊ शकते. म्हणून फोनवर हजेरी चालेल का, हे सहीआधी विचारायचं, नंतर नाही.

90 दिवसांपर्यंतची कैद शनिवार-रविवार अशी तुकड्यांनी भोगता येते. लहान मुलांच्या आईसाठी वकिलानं ती मागावी. आधी कोठडीत काढलेल्या एका दिवसाचे दीड दिवसापर्यंत मोजून घेता येतात. पीडित अधिभार, म्हणजे पीडितांच्या मदतीसाठी दोषीकडून घेतली जाणारी रक्कम, परवडत नसेल तर तो माफ करायची विनंती करा. आपणहून कुणी माफ करेलच असं नाही.

शिक्षा दोन वर्षं किंवा जास्त झाली तर ती केंद्रीय तुरुंगात जाते. तिथल्या बायकांमध्ये 2022 पर्यंत सुमारे निम्म्या आदिवासी होत्या. देशाच्या लोकसंख्येत हा समाज पाच टक्क्यांच्या आसपास. हा आकडा मनातून जात नाही. सस्कॅचेवानमधलं ओकिमाव ओची हीलिंग लॉज (आदिवासी परंपरांना धरून चालणारा तुरुंग) 1995 पासून आदिवासी बायकांसाठी आहे. तिथे जायचं असेल तर ती इच्छा लवकर नोंदवा. रिपोर्टची प्रत तिच्यासोबत पोचली का, तेही तपासा. तुरुंगातल्या आणि पॅरोलच्या निर्णयांतही ती पार्श्वभूमी विचारात घ्यायची असते.

शिक्षेच्या सकाळी तिच्या खिशात कागदावर लिहिलेले फोन नंबर असू द्या, कारण मोबाइल काढून घेतात आणि नंबर पाठ नसतात. औषधांची नावं आणि मात्रा वेगळ्या चिठ्ठीवर. आणि दुपारी मुलांना शाळेतून कोण आणणार, ते नाव शाळेत आदल्या दिवशीच कळवलेलं असावं.